दादाच्या बेडमधली लाल गांडुळं

दादा वारल्यावर त्याच्या गांडूळखताच्या बेडमधली लाल गांडुळं कुठं चालली होती, सांगा ना? मी आमच्या अख्ख्या आंजी गावात विचारलं. लोकांनी माझी कीव केली, उत्तर कोणी दिलं नाही. माझा संशय गणेशभाऊवर, कारण तो दादाच्या सोबत मासे धरायचा. लाल गांडूळ गळाला लावलं की दादा भडकायचा. "ते खताचे हायेत. गळाले नाल्याकाठचे जाडे घेजो."

एका सकाळी गणेशभाऊ डबा घेऊन बेडवर वाकलेला दिसला. मी धावत जाऊन त्याची कॉलरच धरली.

"चोरून राह्यला का बे?"

"टाकून राह्यलो ना, बाप्पा!"

डब्यात नाल्याकाठची जाडी गांडुळं होती.

"रिकामा बेड पाहून तुई माय रडते," तो म्हणाला. "म्हणून रोज आणून टाकतो."

"अरे, हे मातीतले हायेत. शेणात टिकत नाईत, पळून जातेत."

"मले काय ठाऊक? तुह्या दादानं मले गळाचेच शिकवले."

मी कॉलर सोडली. दादा गेल्यापासून बेडवर पाणी शिंपडायचं मीच विसरलो होतो; लाल गांडुळं त्यामुळंच गेली असणार. दादाच्या गळाच्या काठीला मी तोवर कोणाला हात लावू दिला नव्हता. घरात गेलो, ती काढली आणि गणेशभाऊच्या हातात दिली.