काकूंचे धडे

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक काका आणि एक तरुण मुलगी बसली होती. दोघांच्याही हातात पांढरी काठी होती.

"काका, आपल्या अंधांच्या ऑनलाइन गटात काय सुधारायचं, ते सगळ्यांना विचारतेय. तुम्हीच राहिलात."

"आत्ताच विचार. दात काढल्यावर माझं बोलणं तुला कळायचं नाही."

"मोबाइल शिकवणारे जुने आवाजी धडे काढून टाका, म्हणतात. ते फोन आता कुणाकडे नाहीत. नवे लोक गोंधळतात."

"बरोबरच आहे."

"मग काढू?"

"त्यात तुझ्या काकूचेही आले ना?"

"हो. पण तुम्हाला तर ते सगळं येतं."

"शिकायला कोण ऐकतंय? दूध उतू गेलं म्हणून ती धडा अर्धवट टाकून पळते, तेवढं ऐकतो."

"ते मी कापणार होते!"

"नशीब माझं, विसरलीस."

"काकू गेल्यावरही त्या धड्यांखाली प्रश्न येतात, काका. आणि त्यांच्या नावानं कुणीतरी उत्तरं देतं."

"मीच देतो."

"स्वतःच्या नावानं द्या की."

"मग नुसतं 'धन्यवाद काका' येतं. तिच्या नावानं दिलं की लोक विचारतात, 'ताई, कशा आहात?'"

"तुम्ही काय लिहिता?"

"बरी आहे, म्हणून लिहितो."

"धडे राहू देत, काका. 'जुन्या फोनसाठी' एवढं वर लिहिते."

आतून माझा नंबर पुकारला. मी उठले नाही.