गाडी गप्प झाली त्या आठवड्यात

मेकॅनिक: थांबा काका, पुन्हा सांगा. गाडी चिरकायची कधी थांबली?

वडील: झाले की चार महिने. रोज सकाळी सुरू केली की किंकाळी फोडायची. अख्खी गल्ली जागी व्हायची. मग एक दिवस आपोआप गप्प बसली. मी म्हटलं, चला, सुधारली बिचारी.

लेक: बाबा, ते गाडी तपासतायत, तुमच्या आठवणी नाही. दादा, उद्या गिऱ्हाईक येणार आहे. ब्रेक, टायर, इंजिन बघा आणि ठीक आहे असं लिहून द्या. एवढंच काम.

मेकॅनिक: पण ताई, इतकी जपलेली गाडी विकताय कशाला?

लेक: चालवायला कोणी नाही. मला येत नाही, आणि ह्यांनी...

वडील: माझ्या हातांत काही उरलं नाही हो. त्र्याहत्तर संपलं. चाक वळवताना खांद्यातून कळ येते. दोनदा भिंतीला घासली.

लेक: तीनदा.

वडील: तिसऱ्या वेळी भिंत आधीच खरवडलेली होती.

मेकॅनिक: आणि हात कधीपासून गेले?

वडील: तेही चारेक महिनेच. एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी वळायला गेलो, तर चाक हलेना. मनात म्हटलं, आलं म्हातारपण. आदल्या दिवशीपर्यंत नव्हतं, आणि आलं.

मेकॅनिक: गाडी गप्प झाली त्याच आठवड्यात?

वडील: आता तुम्ही विचारताय म्हणून... हो. त्याच आठवड्यात. पण त्याचा ह्याच्याशी काय संबंध?

मेकॅनिक: ताई, इकडे बॉनेटखाली बघा. ही इंजिनची पुली, ही पंपाची. दोघींना जोडणारा रबरी पट्टा असतो. दिसतोय?

लेक: नाही.

मेकॅनिक: मलाही नाही, कारण तो नाहीच आहे. ढिला होऊन घसरत होता तेव्हा चिरकत होता. मग तुटला आणि पडला कुठेतरी. ही एवढी चिंधी अडकून राहिलीय बघा.

लेक: आणि पंप कशाचा?

मेकॅनिक: स्टिअरिंगचा. आपण चाक फिरवतो ना, ते नुसतं सांगणं असतं, इकडे वळ, तिकडे वळ. खरा जोर हा पंप लावतो, तेल दाबून. आता तेल बघा. झाकणाला ही काडी आहे, तिच्यावर खूण. तेल कुठे? पार तळाला. लालसर हवं, तर काळं झालंय. वास घ्या, जळका येतोय. ही नळीसुद्धा पाझरतेय.

लेक: म्हणजे बाबा चार महिने...

मेकॅनिक: निव्वळ हातांनी चालवत होते. बसा तुम्ही आत. इंजिन चालू आहे. फिरवा चाक.

लेक: अगं आई गं! हे हलतंय कुठे?

मेकॅनिक: दोन्ही हातांनी फिरवा.

लेक: दोन्हीच लावलेत! पाय रोवून बसलेय. बाबा, इंचभर सरकलं फक्त.

मेकॅनिक: व्हा बाजूला. हं... हं... हुश्श! मी दिवसभर टायर उचलतो, तरी घाम निघाला. काका, पैलवान होता की काय तुम्ही?

वडील: शिंपी. जन्मभर सुई उचलली.

मेकॅनिक: आणि ही गाडी घेऊन जाता किती वेळा?

लेक: जात होते, गेल्या आठवड्यापर्यंत. आईला अर्धांगाचा झटका आला, तिला व्यायामासाठी दवाखान्यात न्यावं लागतं. आठवड्यातून तीनदा. आमची गल्ली इतकी अरुंद, की बाहेर पडायलाच सात वेळा मागे-पुढे करावं लागतं.

मेकॅनिक: सात वेळा! ह्या चाकाने! काका, बाही वर करा जरा. अरे बाप रे. ताई, हात लावून बघा हा दंड.

लेक: बाबा... हे कधी झालं?

वडील: मला वाटलं, सूज आहे.

लेक: सूज काय! दगड आहे नुसता!

वडील: मी तर कात्रीसुद्धा ठेवून दिली. गाडी लावून दुकानात बसलो की हात थरथरायचे. म्हटलं, लोकांच्या चांगल्या कापडाचं वाटोळं कशाला?

लेक: आणि मी तुमच्या हातातून किल्ली काढून घेतली. आईसमोर. काय काय बोलले मी तुम्हाला. माझं चुकलं, बाबा.

वडील: माझे हात, मलाच कळलं नाही. तुला काय कळणार?

मेकॅनिक: राग मानू नका, पण मला अजून पटत नाहीये. दंड आहेत, कबूल. तरी गाडी जवळजवळ उभी असताना हे चाक सात-सात वेळा वळवायचं, ह्या वयात, एकट्याने?

वडील: एकटा नव्हतो.

लेक: म्हणजे?

वडील: तुझी आई होती ना शेजारी. तिचा लुळा हात चाकाच्या बाजूला येतो. पहिल्या दिवशी मला धाप लागली, तर तिने चांगल्या हाताने तो लुळा हात उचलला आणि चाकाखाली टेकवला. म्हणाली, तुम्ही ओढा, मी ढकलते. मी म्हटलं, माझं मन राखायला करतेय. करू दे. रोज गल्लीच्या तोंडापर्यंत तेच.

लेक: मला कधी बोलला नाहीत.

वडील: तू ओरडली असतीस. मग एक दिवस तिने तो हात उचललाच नाही.

लेक: म्हणजे?

वडील: आपला आपण आला तो. मांडीवरून उठला आणि चाकाला लागला. आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत बसलो. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून थकला.

लेक: दवाखान्यातल्या बाई मला विचारत होत्या, ह्यांच्याकडून घरी काय करून घेता? इतक्या लवकर बोटं वळलेली त्यांनी पाहिली नव्हती. मी म्हटलं, काही नाही हो, आई नुसती गाडीत बसून येते.

मेकॅनिक: ताई, तीस वर्षं गाड्या उघडतोय. असं कधी सापडलं नव्हतं.

(दोन तासांनंतर. नवा पट्टा आणि नळी बसली आहे. पुढची चाकं जॅकवर.)

मेकॅनिक: हळूहळू फिरवा, काका. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. टोकाला दाबून धरू नका. आत अडकलेली हवा निघते ह्याने. ताई, तेलाच्या डबीत बुडबुडे?

लेक: आहेत. कमी होतायत. आता नाहीत. तेल काय सुंदर लाल दिसतंय हो!

मेकॅनिक: झालं. गाडी खाली घेतली, इंजिन चालू केलं. आता एका बोटाने.

वडील: एका बोटाने कसं... अरे! अरे, फिरलं! मी नुसतं बोट टेकवलं.

लेक: पुन्हा करा. बाबा, पुन्हा.

वडील: बघ ना. वीस वर्षं हे असंच होतं? कोणीतरी सतत माझ्याबरोबर जोर लावत होतं, आणि मला वाटायचं, मीच वळवतोय.

मेकॅनिक: महिन्यातून एकदा झाकण उघडून तेल बघत जा. तेल उतरलं की सरळ इथे यायचं.

लेक: गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवते मी. पण डोळे तपासून घ्यायचे, बाबा. भिंतीला तीनदा म्हणजे तीनदा. ही घ्या किल्ली. उद्या आईला तुम्हीच न्या.

वडील: नेतो. पण एक सांग. निघताना ती हात पुढे करेल. तिला काय सांगू? आता तुझी गरज नाही?

लेक: जरा धाप लागल्यासारखं करा.

वडील: तिच्यापुढे आजवर एक खोटं पचलेलं नाही मला.

लेक: मग खरं सांगा. पट्टा बसला, तेल भरलं, चाक एका बोटाने फिरतं.

वडील: आणि?

लेक: आणि तरी हात ठेव म्हणा.