एका लिटरला किती?

…आणि वर मलाच विचारतात, 'तेल किती घातलंत?' मला! ज्याच्या हातात सकाळपासून कुणी तेलाच्या बाटलीचं बूचसुद्धा दिलं नव्हतं, त्याला! अहो, माझं म्हणणं काय होतं? फाटकात आडवं पडलेलं झाड कापा आणि माझ्या आईला दवाखान्यात जाऊ द्या. बास! एवढंच! यात पेट्रोल आलं कुठून, तेल आलं कुठून आणि त्यांचं ते… प्रमाण! नाव काढू नका हो त्या प्रमाणाचं!

तुम्हाला सांगतो, पहाटे वारा सुटला आणि अंगणातलं झाड कडाकड मोडून पडलं. पडावं कुठं? सगळं अंगण मोकळं, पण नाही, बरोब्बर फाटकाच्या आत, आमच्या गाडीच्या नाकासमोर! खोड म्हणाल तर पिठाच्या डब्याएवढं जाड, फार नाही, पण गाडी काय त्यावरून उडी मारणार आहे? आणि नेमकं त्याच दिवशी आईच्या पायाचं प्लास्टर काढायचं होतं. डॉक्टर दुसऱ्या दिवसापासून लांबच्या रजेवर. म्हणजे आज नाही तर ते परत येईपर्यंत आई पलंगावर, आणि आई पलंगावर म्हणजे आम्ही सगळे सुळावर! बिचारी प्लास्टरच्या आत विणकामाची सुई घालून खाजवायची हो! त्या दिवशी उठली ती वेणीफणी करून व्हरांड्यात खुर्चीवर. मांडीवर पर्स. एका पायात चप्पल, दुसरी पर्समध्ये. म्हटलं, पर्समध्ये कशाला? तर म्हणते, "येताना लागेल ना!"

बायको म्हणाली, "अहो, टॅक्सी बोलावते. आपण दोघं धरून आईंना खोडावरून पलीकडे नेऊ." किती साधं! किती सरळ! पण तेवढ्यात कोण आलं? मेव्हणा! हातात चेनसॉ, ती पेट्रोलवर चालणारी करवत! अगदी तान्हं बाळ धरावं तशी छातीशी धरलेली. "ताई, टॅक्सी कशाला? हे दोन मिनिटांचं काम!"

दोन मिनिटं! ऐकताय ना?

मशीन खाली ठेवलं, टाकीचं झाकण उघडलं, आत ठणठणाट. म्हटलं, पेट्रोल आणतो. तर हा असा हसला, जसा देवळातला पुजारी चपला घालून आत आलेल्याकडे बघून हसतो. "भाऊजी, नुसतं पेट्रोल? हे टू-स्ट्रोक आहे. याला तेलाची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्येच तेल मिसळायचं, तेच आत जाऊन पिस्टनला वंगण करतं. तेल कमी पडलं तर पिस्टन जाम, जास्त झालं तर धूर आणि प्लग काळा. प्रमाण चुकलं की इंजिन गेलं!"

म्हटलं, बरं, प्रमाण किती? म्हणाला, "झाकणावर लिहिलंय." झाकणावर बघतो तर सगळं घासून गेलेलं, उरला होता फक्त शेवटचा एक. कितीला एक? ते झाकणालाच ठाऊक!

"पन्नासला एक," मेव्हणा म्हणाला. "लिटरला वीस मिली."

"पंचवीसला एक!" हे कोण? भिंतीवरून नुसतं डोकं! शेजारचे ड्रायव्हरकाका. आयुष्यभर बस चालवली, त्यामुळे आजही इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवूनच बोलतात, समोर इंजिन असो नसो. "लिटरला चाळीस मिली! वीस मिलीत काय होतंय? पिस्टन कोरडा पडेल!"

"काका, ते जुन्या मशीनला. आताची तेलं वेगळी असतात."

"तेल वेगळं असेल, पिस्टन लोखंडाचाच आहे ना?"

"ॲल्युमिनियमचा आहे!"

"मग तर अजून तेल पाहिजे!"

आणि आई व्हरांड्यातून, "अरे, डॉक्टर दुपारपर्यंतच आहेत रे!" दोघंही एका सुरात, "दोन मिनिटं, काकू!" "दोन मिनिटं, वहिनी!"

मी निघालो पेट्रोल आणायला. आमची गाडी डिझेलवर, तिचा उपयोग शून्य. खोड ओलांडताना पँट फाटली ती फाटली, पंपावर पोचलो तर पंपवाला म्हणतो, "बाटलीत देत नाही. नियम आहे. गाडी आणा." म्हटलं, अहो, वाटेत झाड पडलंय. म्हणाला, "मग झाड कापा." म्हटलं, त्यासाठीच तर पेट्रोल पाहिजे! तर अगदी शांतपणे, "मग गाडी आणा." सांगा! कुठं डोकं आपटायचं माणसानं?

हात हलवत परत आलो. पण काका दिलदार हो, तेवढं मानलं पाहिजे. म्हणाले, "माझ्या स्कूटरमधून काढा, घ्या पाहिजे तेवढं!" नळी घातली, पेट्रोल काढलं. तेलाची बाटली मेव्हण्याच्या खिशात होतीच, पण तेल मोजायचं कशानं? मेव्हण्यानं आईच्या खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण उचललं. आई ओरडली, "अरे, ते माझं आहे!" तर म्हणतो, "काकू, प्रमाण चुकलं की इंजिन गेलं!" म्हणजे आईचा खोकला राहिला तरी चालेल!

मग काय, तो झाकण डोळ्यांसमोर धरून वाकतोय, काका मागून "अजून, अजून" करतायत, हा "नाही, नाही" करतोय… पाळण्यात नाव ठेवायला एवढी चर्चा होत नाही. शेवटी मेव्हण्याचंच खरं झालं. लिटरला वीस मिली. बाटली हलवली, टाकी भरली, दोरी ओढली. एकदा. दोनदा. मेव्हणा ओढतोय, मग मी ओढतोय, माझा खांदा निखळायची वेळ, आणि एकदम भर्रर्र! चालू झाली! आई खुर्चीतून अर्धी उठली!

आणि मग धूर. धूर म्हणजे कसला? निळा, दाट, डोळे चरचरवणारा! झाड दिसेना, फाटक दिसेना, मेव्हणा दिसेना, समोरच्या घरातले बादल्या घेऊन धावले! मशीन खोकलं, गुरगुरलं आणि पात्याला लाकूड लागायच्या आत फुस्स! बंद! प्लग काढला तर तेलानं चिंब, काळाकुट्ट.

"तेल जास्त झालं," मेव्हणा पुटपुटला. "पण मी तर मोजून…" आणि मग माझ्याकडे वळून, "भाऊजी, तुम्ही तेल किती घातलंत?"

मी! माझा राग असा मस्तकात गेला! पण मी तोंड उघडायच्या आत काका कडाडले, "बघा! म्हणे पन्नासला एक! अरे, माझ्या स्कूटरकडे बघ! इतकी वर्षं झाली, कधी बंद पडली नाही! का? मी स्वतःच्या हातानं तिच्या पेट्रोलमध्ये पंचवीसला एक तेल…"

आणि थांबले. तोंड तसंच उघडं.

मेव्हण्यानं नळीकडे पाहिलं, मग स्कूटरकडे, मग बाटलीकडे. अहो, ती स्कूटरही टू-स्ट्रोक! तेल घातलेल्या पेट्रोलमध्ये आम्ही मोजून मापून पुन्हा तेल घातलं होतं! तुम्हाला वाटेल, आता दोघं हसतील, काका माफी मागतील. छे! तिथंच बसून दोघांनी हिशेब मांडला, पंचवीसला एकमध्ये पन्नासला एक मिसळलं तर साधं पेट्रोल किती घातल्यावर कितीला एक होतं! मी मधेच म्हटलं, अहो, ओतून टाका ना! दोघं एकदम, "प्रमाण चुकलं की इंजिन गेलं!"

म्हटलं, इंजिन गेलंच आहे हो! आता डॉक्टरही जातील! आणि आईला काय सांगू म्हणून मागे वळलो तर… खुर्ची रिकामी! कुठं पडली? कुठं गेली? धावत फाटकाशी गेलो, तर समोरची बाई बादली खाली ठेवत म्हणाली, "तुमची आई? सून आणि मी मिळून खोडावर बसवलं, पाय पलीकडे केले, टॅक्सीत घातलं. तुम्ही धुरात होतात."

परत आली ती दोन्ही पायांवर. काठी टेकत, हळूहळू, पण स्वतःच्या पायांवर! माझे डोळे भरून आले हो, खोटं कशाला सांगू. धूर तर केव्हाच गेला होता. म्हटलं, आई, काय म्हणाले डॉक्टर? म्हणाली, "पाय उत्तम आहे. उशीर का झाला विचारलं, मी सगळं सांगितलं. त्यांच्या बागेतही असलंच मशीन आहे म्हणे. तुम्हाला निरोप दिलाय. चाळीसला एक घाला."

झालं! मेव्हणा आणि काका दिवसभरात पहिल्यांदा एक झाले! "डॉक्टरला काय कळतंय इंजिनातलं!"

मी सरळ आत गेलो. अडगळीतून गंजकी हातकरवत काढली, खोडाशी मांडी घातली आणि कापायला लागलो. ना पेट्रोल, ना तेल, ना दोरी. खर्र… खर्र… काय ती शांतता! आणि मागून काका, "पात्याला मेण चोळा, सरसर जाईल."

"मेण नाही भाऊजी, साबण!"