आईने सोडलेली गोळी

(दातांचा दवाखाना. दुपारची सुटी. बाहेरच्या खुर्च्या रिकाम्या.)

ताई: म्हणजे घेऊ नको, असं म्हणतेस?

धाकटी: मी तसं कुठे म्हटलं?

ताई: मग घे म्हण.

धाकटी: तसंही नाही म्हटलं.

ताई: अगं, बावीस वर्षं दातांच्या दवाखान्यात काढलीस तू. मी शिवणकाम करणारी बाई, मला काय कळतंय? हाडांच्या डॉक्टरांनी आठवड्याला एक गोळी लिहून दिली, वर म्हणाले, सुरू करायच्या आधी दात तपासून घ्या. म्हटलं, माझी सख्खी बहीणच आहे तिथे, तिलाच विचारते. आणि तू मघापासून नुसती चिमटे पुसत बसली आहेस.

धाकटी: पुसावे लागतात.

ताई: चिमटा एकच आहे. तोच तोच पुसते आहेस.

धाकटी: हाडांचा रिपोर्ट दाखव परत.

ताई: दोनदा पाहिलास. कण्याचं माप उणे तीन, खुब्याचं उणे दोन पॉइंट आठ. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पण डॉक्टर म्हणाले, बाई, तुमची हाडं विरलीत, ते मात्र बरोबर कळलं. विरलेलं कापड वरून धड दिसतं. टाका घालायला जावं, तर सुईच्या भोकापासूनच फाटत जातं.

धाकटी: मनगट कसंय आता?

ताई: प्लास्टर निघालं, पण कात्री धरवत नाही. आणि पडले कुठून, तर दुकानाच्या पायरीवरून. एकच पायरी गं! लहान पोरंसुद्धा त्यावरून उड्या मारतात.

धाकटी: आईचंही असंच...

ताई: माहितीये मला आईचं. गोळी सोडून बसली आणि खुबा मोडून गेली. तिच्या कपड्यांची उंची मी दरवर्षी बोटभर कमी करायचे. ती म्हणायची, खाली लोळतंय. मी म्हणायचे, कापड सैल पडलं असेल. गळ्यात मोजपट्टी अडकवून फिरणारी मी, आणि माझ्या डोळ्यांदेखत आई आखूड होत गेली, मला दिसलं नाही. परवा माझाच गाऊन पायात आला. मशीनपाशी बसून राहिले कितीतरी वेळ. उठवेचना.

धाकटी: मग घे ना गोळी.

ताई: पण त्या जबड्याचं काय? शेजारच्या दुकानातली सांगत होती, त्या गोळीने जबड्याचं हाड मरतं म्हणून. खरं का ते?

धाकटी: मला नको विचारूस.

ताई: मग कोणाला विचारू?

धाकटी: मॅडम जेवून येतीलच इतक्यात. त्यांना विचार.

ताई: तू पाहिलंयस का कधी तसं?

धाकटी: एकदा.

ताई: इथे?

धाकटी: याच खुर्चीत. एक बाई होती. तिची दाढ काढली होती, तो खड्डा काही भरेना. चार महिने. आत हाड उघडं दिसायचं, पिवळट. मॅडम आत बघत होत्या आणि मी दिवा धरला होता. तो वास अजून... जाऊ दे.

डॉक्टर: कोण, ताई आल्यात होय? बसा, उठू नका. तुमच्या दातांची एक्स-रे फिल्म बघितली मी. उजवीकडची खालची दाढ काही वाचत नाही. ती काढू, जागा नीट भरू दे, मग गोळी सुरू करा. महिना-दीड महिना इकडेतिकडे झाला तर बिघडत नाही. मी बोलते तुमच्या हाडांच्या डॉक्टरांशी.

ताई: पण मॅडम, घेऊ का? जबडा सडतो म्हणतात.

डॉक्टर: कधीतरी होतं तसं. खोटं कशाला सांगू? पण आठवड्याच्या या गोळीवर हजारो जणींत एखादीला. म्हणून तर दात आधी नीट करून घ्यायचे. दुसरं म्हणजे पुष्कळ वर्षं घेतली तर क्वचित मांडीचं हाड मोडतं. म्हणून पाचेक वर्षांनी थांबायचं का ते बघतात. छातीत जळजळ मात्र बऱ्याच जणींना होते. गोळी रिकाम्या पोटी, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

ताई: एवढं सगळं सोसून मिळतं काय? हाड मोडायचं थांबतं?

डॉक्टर: थांबत नाही, कमी होतं. असं धरा, गोळीशिवाय दहा जणींचा खुबा मोडणार असेल, तर गोळी घेऊन सहा-सात जणींचा मोडतो. तीन-चार वाचतात. नेमक्या कोणत्या वाचल्या, ते कोणालाच कळत नाही. वाचलेल्यांनाही नाही.

ताई: आणि हिने इथे पाहिली ती बाई?

डॉक्टर: ती होय! अहो, तिची गोष्टच वेगळी. तिला कॅन्सर होता, हाडांत पसरलेला. तिला याच जातीचं औषध महिन्याच्या महिन्याला शिरेतून देत होते, तुमच्या गोळीच्या कितीतरी पट. ही तेव्हा फार घाबरली होती, म्हणून मी कागदावर काढून समजावलं होतं हिला. आठवतंय ना गं?

धाकटी: आठवतंय.

डॉक्टर: आपण ही खुर्ची बदलायचं नुसतं बोलत होतो, तेव्हाची गोष्ट. सहा वर्षं होतील. बसा, मी हात धुऊन येते, मग नीट बघू.

ताई: सहा वर्षांपूर्वी आई हिंडत-फिरत होती.

धाकटी: हो.

ताई: मग तू अशी पांढरी का पडलीस?

धाकटी: ताई, आईने गोळी आपणहून नव्हती सोडली.

ताई: काय म्हणालीस?

धाकटी: मी सोडायला लावली. त्या बाईला पाहिलं, त्याच संध्याकाळी तुझ्या घरी आले होते. तू दुकानात होतीस. आईच्या औषधाचं नाव तसंच होतं, शेवट अगदी सारखा. मला वाटलं, एकच औषध. म्हटलं, आई, ही गोळी आजपासून बंद. जबडा जाईल तुझा. ताईला सांगू नकोस, ती तुला फरफटत डॉक्टरांकडे नेईल.

ताई: आणि तिने ऐकलं.

धाकटी: तिला हायसंच वाटलं. जळजळायचं ना तिला.

ताई: मॅडमनी कागदावर काढून दाखवलं, ते कधी?

धाकटी: त्यानंतर दोन महिन्यांनी.

ताई: मग?

धाकटी: मग काही नाही.

ताई: काही नाही म्हणजे काय?

धाकटी: गेले होते सांगायला. तर दारातच म्हणाली, तू होतीस म्हणून सुटले बाई त्या जळजळीतून, घरात एक तरी शहाणी निघाली. आयुष्यात पहिल्यांदा मला शहाणी म्हणाली, ताई. नेहमी तूच असायचीस. म्हटलं, पुढच्या वेळी सांगू.

ताई: किती पुढच्या वेळा झाल्या अशा?

धाकटी: ती पडेपर्यंत. सोळा महिने.

ताई: दर रविवारी सकाळी मी तिला विचारायचे, घेतलीस का गोळी? घेतली, म्हणायची. नेहमीसारखी, सहज. ती दवाखान्यात होती तेव्हा चादर काढायला कपाट उघडलं, तर खाली पाकिटं. सगळी भरलेली, एकातूनही गोळी काढलेली नाही. तशीच उचलून नेली आणि तिच्या पांघरुणावर टाकली. ऑपरेशन होऊन तिसरा दिवस होता. काय म्हणाले मी तिला, माहितीये?

धाकटी: नको सांगूस.

ताई: म्हणाले, आता भोग.

धाकटी: ताई...

ताई: ती म्हणाली, कंटाळा आला होता गं गोळ्यांचा. एवढंच. सात महिने मी तिला या कुशीवरून त्या कुशीवर वळवलं. पाठीच्या जखमा पुसल्या. आणि दर वेळी मनात यायचं, हे तू तुझ्या हाताने करून घेतलंस. तोंडाने नाही बोलले, पण ती बघायची ना माझ्याकडे! तिला कळत होतं मी काय म्हणते आहे ते. तरी तुझं नाव काढलं नाही.

धाकटी: मला वाटायचं, तिने सांगितलंय तुला. तुला सगळं माहीत आहे आणि तू मोठ्या मनाने गप्प आहेस.

ताई: एवढी मोठी नाही मी.

धाकटी: ती पडल्यावर काय म्हणाली, आठवतं? आधी मोडलं, मग पडले. चालता चालता आतून आवाज आला, म्हणाली, वाळकी काडी मोडावी तसा. रविवारी सकाळी मला जाग येते, ताई, आणि मी अंथरुणावर थांबू शकत नाही. अर्धा तास उभी राहते भिंतीला टेकून. तिच्या चपला घासत चालल्याचा आवाज येतो. खोलीतून निघतो, मोरीपर्यंत जातो आणि थांबतो. पुढे काही नाही. त्या थांबण्याचीच भीती वाटते मला.

ताई: तुझ्या घरीही येतो?

धाकटी: म्हणजे?

ताई: मला वाटायचं, माझ्याच घरात येतो.

डॉक्टर: हं, या आता खुर्चीत. अरे, काय झालं? दोघींचे चेहरे असे का?

ताई: मॅडम, एक विचारते. एखादीने दीड वर्ष ही गोळी घेतली, मग सोडली. पुढे दीड वर्षाने खुबा मोडला आणि त्यातच गेली. सोडली नसती तर वाचली असती का?

डॉक्टर: आईंचं म्हणताय?

ताई: हो.

डॉक्टर: सोडल्याने धोका वाढला असणार. पण त्यामुळेच मोडला, असं मी नाही म्हणू शकत. सोडून काही फरक पडला नाही, असंही नाही म्हणू शकत. कोणीच नाही म्हणू शकणार, ताई.

ताई: म्हणजे हिला धरताही येत नाही आणि सोडताही येत नाही.

डॉक्टर: कोणाला?

ताई: असू दे. धाकटे, इकडे बघ. आता तू सांग, घेऊ का गोळी?

धाकटी: मॅडमनी सांगितलं ना सगळं.

ताई: मॅडमचं ऐकलं. आता तुझं ऐकायचंय. माझ्या तोंडावर, आणि यांच्यासमोर.

धाकटी: घे.

ताई: नीट सांग.

धाकटी: घे, ताई. आधी ही दाढ काढ, मग घे. जळजळलं तर त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांना सांग, ते दुसरं काहीतरी देतील. मांडी दुखायला लागली तर अंगावर काढू नकोस. दर सहा महिन्यांनी इथे दात दाखवायचे. आणि सोडावीशी वाटली तर खुशाल सोड, पण त्यांना विचारून. मला विचारून नाही.

ताई: आणि घेऊन काही वाईट झालं तर?

धाकटी: तर या वेळी माझं नाव घे. सगळ्यांसमोर घे.

ताई: मला तुझ्याशी बोलायचं नाहीये आता. आजच नाही, बरेच दिवस नाही.

धाकटी: बरं.

ताई: मॅडम, दाढ कधी काढायची?

डॉक्टर: मंगळवारी अकराला याल?

ताई: येते. त्या दिवशी हिची सुटी नाही ना?