म्हशीनं नाकारलेली पेंड

चूक आण्णांची, म्हणजे माझ्या बापाची. कॉलेज सोडून मी परसात बावीस बदकं पाळली होती. भाताचा कोंडा आणि शेतातल्या गोगलगाई, एवढ्या फुकटच्या खाण्यावर ती रोज अंडी देत होती. मग एकदा म्हशीनं शेंगपेंडीला तोंड लावलं नाही. वाया कशाला घालवायची म्हणून आण्णांनी ती भिजवून बदकांपुढं ठेवली.

"आण्णा, बुरशी आलीया हिला."

"बदकं चिखल खात्यात. त्यास्नी काय हुतंय?"

"म्हशीला कळलं, तुमास्नी कळंना व्हय?"

"कॉलेज सोडलेला तू, मला शिकवतोस?"

मीही बदकांपुढनं पेंडीचं घमेलं उचललं नाही. आठवड्यात बावीसच्या बावीस मेली. डॉक्टर म्हणाला, बुरशीचं विष. आण्णा म्हणाले, देवाची मर्जी. सोमवारपासून मी शिरोलीच्या फौंड्रीत साच्यांची वाळू चाळायला लागलो.