काटा, सुरी आणि डोक्यावरचा पदर

नाही, मी म्हणते, माणसाला हात किती असतात? दोनच ना? मग एका हातात काटा, दुसऱ्या हातात सुरी, आणि डोक्यावरचा पदर काय दातात धरायचा? सांगा ना! गप्प बसू नका. गप्प बसायचं काम लग्न झाल्यापासून गेले तीन महिने मी करतेच आहे. अख्खं केडगाव म्हणतं, आप्पासाहेबांची सून म्हणजे गरीब गाय, तोंडातून शब्द नाही. आज बोलते. कुणाला पाणी प्यायचं असेल तर आत्ताच पिऊन घ्या.

तर आमचे हे, आदिनाथराव, सुप्याला एमआयडीसीत एका फ्रेंच कंपनीत आहेत. तिथल्या साहेबांनी लग्नाचा आहेर काय द्यावा? मिक्सर? कुकर? छे! पुण्यातल्या भारीतल्या फ्रेंच हॉटेलात चौघांचं जेवण. चौघं म्हणजे आम्ही दोघं, सासरे आणि सासूबाई. सासऱ्यांना मी मामा म्हणते, सासूबाईंना आत्या.

ह्यांनी मोबाईलवर व्हिडिओ बघून दोन दिवस माझी तयारी करून घेतली. स्वयंपाकघरात, चपातीवर! "काटा डाव्या हातात, सुरी उजव्या, कोपर आत, आवाज नको." सगळं शिकवलं हो, फक्त ते खाली कसं ठेवायचं तेवढं शिकवलं नाही, आणि तिथंच घोडं पेंड खातं! घोड्याला निदान पेंड तरी मिळते...

आत्यांची शिकवण एकाच वाक्याची. गाडीत बसताना म्हणाल्या, "मामांच्या म्होरं बसायचंय, पदर पडता कामा न्हाई." पिन लावायची, म्हणाल? लावली होती! पण लग्नात पार्लरवालीनं माझे केस असे गुळगुळीत करून ठेवलेत की पिन बसते आणि बसल्या बसल्या घसरगुंडी खेळते. आत्यांचा पदर बघा, पस्तीस वर्षं डोक्यावर आहे, वावटळ आली तरी हलत नाही. घरी माझंही निभतं. उजव्या हातानं जेवायचं, डाव्यानं पदर धरायचा. दोन हात, दोन कामं.

पहिलं आलं सूप. कशाचं? कांद्याचं! मामांनी वाडग्यात डोकावून बघितलं. "आरं आदिनाथ, घरी चाळीत कांदा सडाया लागलाय, अन् हितं येऊन कांदाच प्यायचा व्हय?"

"आप्पा, हळू... फ्रेंच पद्धतीचा आहे."

"मंग काय, डोळ्याला पानी इंग्रजीत येतं का?"

सूप चमच्याचं, म्हणजे एक हात मोकळा. त्या रात्री सुखानं पोटात गेलं ते तेवढंच.

मग आल्या बीटाच्या चार चकत्या, वर शेळीच्या दुधाचं चीज. एका हातानं जमेना, बीट ताटलीभर पळतंय. घेतला काटा, घेतली सुरी, पहिला घास तोंडाजवळ नेला आणि... सर्रकन पदर खाली! समोरून आत्यांचे डोळे. त्या डोळ्यांना आवाज नाही, पण पार नगरपर्यंत ऐकू जातं! मी काटा-सुरी ठेवली. आमच्या आईचं वळण, वस्तू ठेवायची ती नीट, शेजारी शेजारी, प्रार्थनेच्या रांगेत उभ्या केल्यासारखी. पदर घेतला, खाली बघते तर... ताटली कुठाय? गेली! मागं वेटर उभा, चाळिशीचा, झुपकेदार मिशा, हातात पांढरे मोजे. "थँक यू, मॅम." अहो, कशाबद्दल?

म्हटलं असेल रीत. पुढं आल्या शतावरीच्या हिरव्या काड्या. कापली, टोचली, पदर सर्रकन, डोळे, काटा-सुरी नीट शेजारी शेजारी... ताटली गेली! आता मला सांगा, मामांनी काटा टाकला होता पूर्वेला, सुरी पश्चिमेला, त्यांच्या ताटलीला कुणी हात लावेना. आत्यांनी तर सुरीला शिवायचंच नाही असं ठरवलेलं, त्या बोटांनी निवांत खात होत्या. हे कोपर आत घेऊन ताटलीकडं असे बघत होते, जणू बोर्डाचा पेपर आहे. उपाशी कोण? नीटनेटकी, वळणाची सून!

आणि मग आलं मुख्य ताट. वर खारीसारखे खुसखुशीत पापुद्रे, आत मशरूम आणि साय... वास असा, की पोटात कावळे नाहीत, अख्खी शाळा सुटली! मी सुरी चालवली. पापुद्रा करकरला. पदर गेला. डोळे आले. हात आपोआप काटा-सुरी ठेवायला गेला आणि खांद्यावरून पांढरा मोजा पुढं आला...

मी ताटली धरली. दोन्ही हातांनी! त्यानं तिकडून धरलेली, मी इकडून. तो ओढतोय, मी ओढतेय. "न्यायची नाही," मी म्हटलं. चांगलं मोठ्यानं! शेजारच्या टेबलावरचे काटे थांबले.

त्या मिशांमधून एकदम आमच्याकडची भाषा बाहेर पडली. "अवो वैनी, तुमीच खुणावताय न्या म्हनून! काटा-सुरी शेजारी ठिवली की जेवान झालं आसं आस्तंय. जेवायचं आसंल तर फुलीवानी ठिवा. मी सोनईचा हाय, खोटं न्हाई सांगनार."

आत्यांचं लक्ष तिसरीकडंच. "आगं, पदर!"

"आत्या, पदर सांभाळू का पोट भरू? हात दोनच आहेत मला!"

हे माझंच तोंड होतं बरं का! ह्यांच्या काट्यावरचं मशरूम खाली पडलं. मी मामांकडं बघितलं. आता उठतील, म्हटलं, आणि गाडी केडगावला. मामांनी मिशी पुसली. "म्हंजी माझ्यापायी पोरगी मघापासून उपाशी हाय व्हय? जेव गं बाई. मी काय पदर बघाया आलो का हितं?"

जेवले. पदर खांद्यावर, काटा डावीकडं, सुरी उजवीकडं, शेवटच्या पापुद्र्यापर्यंत! आणि मग काटा-सुरी शेजारी शेजारी ठेवून म्हटलं, "न्या आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं. मी पदर खांद्यावर टाकून अंगणात गेले, आत्यांच्या समोरून, मान वर करून. आत्या एकदा माझ्या खांद्याकडं बघून पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. मनात म्हटलं, जिंकली लढाई! बादली भरून आणली, तर आत्या माझ्या हातांकडं बघत म्हणाल्या, "मोकळं झालं न्हवं दोन्ही हात? मंग येका खेपंला येकच बादली कशापायी?"

आता दोन-दोन आणते. काय करता? पदर मात्र खांद्यावरच आहे हां!