जेवलात ना? मग प्रश्न विचारा

आणि वर लहानपणी आम्हाला दटावायचे, जेवताना बोलू नये, मुकाट्यानं गिळा! अहो, तुम्हाला सांगतो, आमच्या विभागात जेवताना बोलायचं वेळापत्रक होतं, टाइप केलेलं, शिक्का मारलेलं, नोटीस बोर्डावर लावलेलं… दर बुधवारी, दुपारी एक ते दोन, प्रादेशिक अभ्यास व्याख्यानमाला, आपापला डबा आणावा! २००३ साल. मी कराडहून चेन्नईच्या एका विद्यापीठात इतिहास शिकवायला गेलेलो, आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की इथं डबा उघडायचा तर आधी लाओस ऐकावं लागतं. लाओस झालं की ब्रह्मदेश, ब्रह्मदेश झाला की फिजी… बोलणारा उपाशी, उभा, आणि ऐकणारे समोर बसून दहीभात कालवतायत. पण काय बुधवार होते हो ते!

आमचे विभागप्रमुख पद्मनाभ. कपाळाला गंध, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. त्यांचा नियम एकच. व्याख्यान संपलं की ते चष्म्यावरून सगळीकडे बघणार, ज्याच्या तोंडात घास आहे त्याला नेमका हेरणार आणि ठसक्यात म्हणणार, "जेवलात ना? मग प्रश्न विचारा." म्हणायचे इंग्रजीत, आणि तो बिचारा घास तसाच गिळून प्रश्न शोधायला लागायचा! आणि जो जेवला नाही त्यानं प्रश्न विचारायचा नाही, हेही त्यातच आलं.

ऑफिसातले सुब्बा म्हणून क्लार्क होते, ते यायचे पंख्याखाली बसायला. त्यांचा प्रश्न ठरलेला. लाओस असो, फिजी असो, पान खाल्लेल्या तोंडानं हळूच विचारायचे, तिथं पाऊस किती पडतो? एकदा मंगोलियाचा विद्वान आला, तासभर वाळवंटावर बोलला… सुब्बा उठलेच! तो बिचारा म्हणाला, पडत नाही हो. सुब्बांनी मान डोलावली, वहीत लिहून घेतलं आणि डबा धुवायला निघून गेले.

आणि आमच्या त्रिपुरसुंदरीबाई! ग्रंथालयात होत्या, तंजावरच्या मराठी घराण्यातल्या, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. दर बुधवारी भला मोठा डबा घेऊन यायच्या, चिंचेचा भात, सगळ्यांना पुरेल एवढा. स्वतः मात्र वाढायच्या आणि भिंतीशी उभ्या राहायच्या. म्हणजे प्रश्न विचारायची सोयच नाही! मला आधी वाटलं, बाईंना देशोदेशीची आवड आहे. पद्मनाभ म्हणाले, छे छे, विभागात मराठी माणूस आलाय हे कळल्यापासून येतायत. नवरा गेलेला, मुलं तमिळ नाहीतर इंग्रजी बोलणारी, घरात मराठी बोलायला भिंतीशिवाय कोणी नाही… आणि हा एवढा मोठा मराठी माणूस, कराडचा, समोर आयता बसलेला.

आणि मी काय केलं, सांगू? पहिल्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "कसे अहांत, मधुसूदनराव?" पुढचं निम्मं मला कळेना. सूर तमिळ, शब्द आमच्या खापरपणजीच्या काळातले. मी भला माणूस! म्हटलं, कशाला बाईंना त्रास. म्हणून हसून इंग्रजीत म्हणालो, थँक्यू मॅडम, व्हेरी टेस्टी. बास, तेच रूढ झालं. दर बुधवारी त्या मराठीत विचारणार, मी व्हेरी टेस्टी म्हणणार… आणि त्यांनी वापरलेला जुना शब्द मात्र टेबलाखाली कागदावर टिपून घेणार! अहो, माझा विषयच तो होता, तंजावरची मराठी. चिंचेचा भातही खाल्ला आणि शब्दही नेले. आता आठवलं की लाज वाटते.

मग २००५च्या जानेवारीत माझा बुधवार आला. 'तमिळ देशातली मराठी: एक मावळती बोली.' मी उपाशी, उभा, हातात वीस पानं. फाडफाड इंग्रजीत सांगितलं, ही बोली आता स्वयंपाकघरापुरती उरली आहे, आणखी एक पिढी, की संपली, बोलायला कोणी राहणार नाही… आणि हे कोणासमोर? भिंतीशी उभ्या असलेल्या बाईंसमोर! बोलता बोलता बघतो तर काय, बाईंनी खुर्ची ओढली. बसल्या. ताटली घेतली, भात वाढून घेतला आणि शांतपणे जेवायला लागल्या. दीड वर्षात पहिल्यांदा.

मी संपवलं. टाळ्या झाल्या. पद्मनाभांनी चष्म्यावरून नजर फिरवली, ती बाईंवर थांबली. "जेवलात ना? मग प्रश्न विचारा." बाईंनी हात पुसला, उठल्या आणि भरल्या सभेत मराठीत म्हणाल्या, "मधुसूदनराव, बोलायला कोणी नाही म्हणतांत. मी दीड वर्ष तुमच्याशी बोलते अहें. तुम्ही कां बोलत नाहीं?"

सगळे माझ्याकडे बघतायत. मराठी कोणालाच येत नाही, पण प्रश्न सगळ्यांना कळला. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "गुड क्वेश्चन!" अहो, इंग्रजीतच! जिभेला वळणच ते पडलेलं, काय करणार.

पुढच्या बुधवारी मी त्यांच्या शेजारी खुर्ची टाकली आणि कराडच्या मराठीत सुरू झालो. त्या म्हणाल्या, सावकाश बोला, तुम्ही भांडल्यासारखं बोलतांत. मार्चमध्ये त्या निवृत्त झाल्या, तोवर आठ बुधवार मिळाले. व्याख्यानं कशावर होती, देवाशप्पथ आठवत नाही. आम्ही मागच्या रांगेत कुजबुजायचो, पद्मनाभ दोनदा रागावले. मी कसे अहांत म्हणायला शिकलो, हेल काढायला शिकलो. शेवटच्या दिवशी त्या म्हणाल्या, आता बोलतांत माणसासारखं. नंतर त्या मुलाकडे कोइंबतूरला गेल्या, त्यांच्यामागे वर्षभरात व्याख्यानमाला बंद पडली, त्या खोलीत कॉम्प्युटर आले. आजही बुधवारी एक वाजला की मला भूक लागते हो, आणि भलतंच काहीतरी आठवत राहतं.

माझी मराठी मात्र राहिली, त्यांच्याच वळणाची. परवा बहिणीकडे पुण्याला गेलो होतो. दुकानात शिरलो, म्हटलं आता मनसोक्त बोलू या, आपला मुलूख, आपली माणसं! दुकानदाराला चांगलं हेल काढून विचारलं, चिवडा ताजा अहे कीं? कसे अहांत? तो भला माणूस, मला त्रास नको म्हणून अगदी सावकाश, प्रेमानं हिंदीत म्हणाला, "अंकल, आप कहाँ से हो?"

म्हटलं, जाऊ दे… आणि मुकाट्यानं सांगितलं, "मद्रास से."